काशीत सोडलेलं पडवळ

मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून कायमची सुटका, आणि ज्याला ती हवी आहे त्याने आपल्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट स्वतःच्या हाताने सोडली पाहिजे. माझ्या वडिलांनी पडवळ सोडलं.

काशीला जाणाऱ्याने तिथे खाण्यातली एखादी वस्तू कायमची सोडून यायची, अशी आपल्याकडे रीत आहे. फळ, भाजी, एखादं पक्वान्न. ती वस्तू आवडती असावी अशी अपेक्षा असते. पण ती तपासायला घाटावर कोणी बसलेलं नसतं. त्यामुळे काशी करून आलेल्या पुणेकरांना तुम्ही विचारलंत, तर कोणी कारलं सोडलेलं असतं, कोणी शेपू, कोणी दुध्या. श्रीखंड सोडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

बाबा निवृत्त झाल्यावर आईच्या आग्रहाने काशीला गेले. मीही सोबत होते, कारण दोघांच्या बॅगा उचलायला आणि दोघांचे वाद मिटवायला तिसरं माणूस लागतं. घाटावर पंड्याने बाबांच्या ओंजळीत पाणी दिलं आणि काय सोडणार म्हणून विचारलं. बाबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "पडवळ." पंड्याला पडवळ माहीत नव्हतं. बाबांनी दोन्ही हात लांब करून दाखवलं.

"लौकी?" पंडा म्हणाला.

"लौकी नहीं. साँप जैसा."

पंडा जरा मागे सरकला. पण मंत्र त्याने पूर्ण म्हटला. बाबांनी पाणी सोडलं आणि जन्मात कधी ताटात घेतली नव्हती त्या भाजीचा विधिपूर्वक त्याग केला.

मग आईची पाळी आली. तिने विचारलं, "मनात म्हटलं तर चालतं ना?" चालत होतं. तिने डोळे मिटले, पाणी सोडलं, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "चल, चहा कुठे मिळतो बघू." तिने काय सोडलं ते आम्ही विचारलं नाही. चहा सोडलेला नाही एवढं कळलं होतं, आणि आम्हाला तेवढं पुरे होतं.

बाबांचा मोक्षावर विश्वास नव्हता, अभ्यास होता. त्यांची नोकरी विम्यातली. माणूस कधी मरतो याच्याशी कचेरीचा संबंध असे. मेल्यावर तो कुठे जातो हा विषय कचेरीच्या कक्षेत येत नसे. तो त्यांनी निवृत्तीनंतर घेतला. नारायण पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एक कपाट नुसत्या दर्शनांच्या पुस्तकांचं आहे. संध्याकाळी आई भाजी निवडत बसे आणि बाबा तिला एकेक मोक्ष समजावून सांगत. जैनांचा मुक्त जीव कर्माचं ओझं झडलं की हलका होऊन विश्वाच्या अगदी माथ्यावर जाऊन राहतो. बौद्धांचं निर्वाण म्हणजे तृष्णा विझणं, दिवा विझावा तसं. विझल्यावर ज्योत कुठे गेली असं विचारायचं नाही. वेदान्तात तर आपण मुळातच मुक्त असतो, फक्त आपल्या ते लक्षात नसतं.

"चष्म्यासारखं," आई म्हणाली. "कपाळावर असतो आणि तुम्ही घरभर शोधता."

सांख्यांचं कैवल्य सांगताना मात्र बाबा रंगले. मुक्त पुरुष कसा स्वस्थ असतो, सगळा संसार समोर चाललेला असतो आणि तो कशातच न पडता नुसता बघतो.

"ते तुम्हाला आत्ताच जमतं की," आई म्हणाली. "कुकर शिट्ट्या देतो आणि तुम्ही नुसते बघता."

तिची स्वतःची मोक्षाची कल्पना फार आटोपशीर होती. पुन्हा जन्म नको. म्हणजे उद्या भाजी काय करायची हा प्रश्न नको. बाकी तिकडे प्रकाश असो नाहीतर अंधार, तिला चालणार होतं. बाबांना यातली विसंगती दिसे.

"एकीकडे वडाला सूत गुंडाळून सात जन्म हाच नवरा मागतेस, दुसरीकडे पुन्हा जन्म नको म्हणतेस. दोन खात्यांत दोन परस्परविरोधी अर्ज. एक मागे घे."

"वडाचं तुमच्या आईंना बरं वाटावं म्हणून करत होते."

"त्यांना जाऊन किती वर्षं झाली. आता कोणासाठी?"

"आता सवय झालीय," आई म्हणाली. वडाची की नवऱ्याची, ते बाबांनी विचारलं नाही.

काशीच्या त्या खेपेनंतर बऱ्याच वर्षांनी आईच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं. खरी अडचण नंतर आली: तिची अन्नावरची वासनाच उडाली. मी खराडीचं घर बंद करून लॅपटॉपसकट नारायण पेठेत राहायला आले. मुगाचं कढण, मऊ भात, रव्याची खीर, नाचणीची आंबील, सगळं करून पाहिलं. दोन घास जात आणि ती वाटी बाजूला सारी. औषधाच्या दुकानातून शक्तीच्या पावडरीचा एक डबा आणला. त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र होतं. आईने ते नीट पाहिलं आणि म्हणाली, "यालाच द्या. मेहनत करतोय बिचारा."

विनोद शाबूत होता, वजन उतरत होतं. डॉक्टरांनी मला आणि बाबांना बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं की पुढची औषधं जड आहेत, या वजनावर ती सुरू करता येणार नाहीत, आणि फार थांबताही येणार नाही. "पथ्य विसरा. त्यांना जे आवडतं ते द्या. काहीही. पण पोटात गेलं पाहिजे."

आईला काय आवडतं, हे मी आणि बाबा रिक्षात बसून आठवत होतो. आम्हाला काय आवडतं ते तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. उलट बाजूने आमची तयारी कच्ची होती. लकडी पूल ओलांडताना बाबा एकदम म्हणाले, "सीताफळ!"

मग मलाही आठवलं. आईचं माहेर पुरंदरच्या पायथ्याचं. बांधाला सीताफळीची झाडं. ती लहान असताना झाडावर बसूनच खायची आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यात बी टाकायची, असं तिचे भाऊ अजून सांगतात. हंगाम चालूच होता. बाबा रिक्षा वळवून तसेच मंडईत गेले.

सीताफळ ही बाबांचीही मर्मबंधातली गोष्ट होती. हंगाम सुरू झाला की ते एकाआड एक दिवस मंडईत जात, प्रत्येक फळ दाबून पाहत, थोडी कच्ची घेऊन तांदळाच्या डब्यात पिकत घालत आणि डोळे उघडले का म्हणून सकाळ-संध्याकाळ झाकण काढून बघत. त्यांचा फळवाला ठरलेला होता. त्याचं घराणं आजोबांपासून मंडईत, आणि बोलणंही मंडईचंच.

"काका, फळ आहे ते. नाडी काय बघताय?"

"आज पिकलेली द्या. आजच खायची आहेत."

"आज काय, पाहुणे?"

"घरात आजारी माणूस आहे," बाबा म्हणाले. त्यानंतर त्याने एकही टोमणा मारला नाही. स्वतः निवडून दिली, आणि वर कागदात गुंडाळून दिली. मंडईत असं सहसा होत नाही.

घरी येऊन बाबांनी हात धुतले, फळ फोडलं आणि वाटीत चमच्यासकट आईपुढे धरलं. तिने पाहिलं. खोलीभर वास पसरला होता. तिने मान हलवली.

"नको."

"अगं, सीताफळ आहे."

"दिसतंय. मी खात नाही."

"कधीपासून?"

"काशीपासून."

बाबा वाटी धरून तसेच उभे राहिले. दर हंगामात आई परातीत सीताफळांचा ढीग घेऊन बसे, गर सोडवून बासुंदी करी आणि साखर बरोबर आहे का बघायला मला हाक मारी. "माझी चव गेलीय मेली," म्हणायची. चव कुठेही गेलेली नव्हती.

बाबांनी पहिल्यांदा सरळ युक्तिवाद केला. देव नावाची गोष्ट असलीच, तर एका वाटीने तिला काय फरक पडणार? आई म्हणाली, "देवाला नाही पडणार. शब्द मी दिलाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून धर्मशास्त्राचं पुस्तक काढून आपद्धर्म वाचून दाखवला. संकटात नियम शिथिल होतात, असं ऋषींनीच लिहून ठेवलं होतं. आईने डोळे मिटून ऐकलं. "संकट माझं आहे ना? मग शिथिल करायचं की नाही ते मी बघीन."

शेवटी बाबा व्याख्यानाला गेले, यावरून त्यांची अवस्था कळावी. जवळच्याच एका सभागृहात 'त्यागातून मुक्तीकडे' अशी व्याख्यानमाला चालली होती. आई दुपारची झोपली की शेजारच्या काकू तिच्याजवळ बसत. तेवढ्या वेळात बाबा मला घेऊन गेले. व्यासपीठावर सिंहासनाच्या घाटाची खुर्ची होती. वक्त्यांच्या परिचयातच त्यांनी मिळवलेल्या सन्मानांची यादी इतकी लांबली की त्याग कधी सुरू होणार अशी शंका यावी. मग चार हार, एक शाल, एक श्रीफळ, आणि 'मी आणि माझं' हेच कसं बंधनाचं मूळ आहे, यावर ओघवतं विवेचन. ऐन रंगात आयोजकांनी चिठ्ठी आणून दिली, ती वक्त्यांनी वाचली आणि ध्वनिक्षेपकावरूनच म्हणाले, "ती पांढरी गाडी माझी आहे. तिला हात लावू नका, ड्रायव्हर येतोय."

शेवटी बाबा उठून उभे राहिले. "एखाद्याने सोडलेली वस्तू आजारपणात खाल्ली तर चालते का?"

वक्ते प्रसन्न हसले. "आपण वस्तू सोडायची नसते, वस्तूने आपल्याला सोडायचं असतं."

टाळ्या पडल्या. बाबा मला म्हणाले, "चल. वस्तूने सोडायची वाट बघितली तर हिचं वजन राहायचं नाही."

येताना मंडईत थांबलो. फळवाल्याने चौकशी केली, बाबांनी सगळं सांगितलं.

"आमच्यात आजारी माणसाला रोजा माफ असतो," तो म्हणाला. "तुमच्यात अशी काही सोय नाही?"

बाबा हा मुद्दा हातात धरूनच जिने चढले. आई जागी होती, उशीला टेकून बसली होती.

"त्यांच्यात माफ असतो, ठीक आहे," ती म्हणाली. "पण बरं झाल्यावर तो भरून काढावा लागतो. त्या फळवाल्याच्या बायकोनेच मागे मला सांगितलं होतं."

"मग तूही भरून काढ. आत्ता खा, बरी हो आणि पुढच्या वर्षी पुन्हा सोड."

"एकदा सोडलेलं पुन्हा कसं सोडणार?"

"अगं, पण एवढं काय अडलंय?" बाबांचा आवाज चढला. तिच्या आजारपणात पहिल्यांदाच. "नाही मिळाला मोक्ष तर नाही मिळाला! जगात कोणाला मिळालाय ते तरी दाखव!"

आईने पांघरुणाची घडी नीट केली. मग म्हणाली, "माझ्यासाठी कुठे सोडलंय मी?"

"मग कोणासाठी?"

"तुम्ही पडवळ सोडलंत. तेही मोठ्याने, हात लांब करून. पडवळावर कोण आत घेणार आहे तुम्हाला? दोघांतल्या एकाने तरी खरं काहीतरी सोडायला हवं होतं. पाणी सोडताना म्हटलं, हे यांच्या नावावर धर."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. तिच्यात बघण्यासारखं काही नाही. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

आत आले ते फोन घेऊनच. आमच्याकडे पूजेला येणारे गुरुजी तरुण आहेत, स्कूटरवर हिंडतात आणि कायम घाईत असतात. बाबांनी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं की उद्या सकाळी या, एक संकल्प सोडायचाय. आपल्या आयुष्यात बाबा स्वतःहून गुरुजींना बोलावतील अशी गुरुजींची कल्पना नसावी. ते वेळेवर आले.

"मला अदलाबदल करायची आहे," बाबा म्हणाले. "हिने काशीत सीताफळ सोडलंय, मी पडवळ. आजपासून सीताफळ मी सोडतो. हिने माझं पडवळ घ्यावं."

गुरुजींनी हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. "काका, असं कोणी करत नाही हो."

"करू नये, असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. कारण हे कोणाला सुचलंच नसेल."

"मग झालं तर."

गुरुजी विचारात पडले. "पण त्याग तोलामोलाचा हवा ना? कुठे सीताफळ, कुठे पडवळ. काकू, तुम्हाला पडवळ आवडतं का?"

"खूप," आई म्हणाली. "चण्याची डाळ घालून. लग्न झाल्यापासून यांच्यामुळे घरात आलं नाही. माहेरी गेले की खायची."

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. हेही त्यांना नवीन होतं.

"आणि काकांना सीताफळ?"

मीच गुरुजींना तांदळाचा डबा उघडून दाखवला. आत रांगेने बसलेली फळं होती, आणि त्यांतल्या दोघांचे डोळे नुकतेच उघडले होते. गुरुजींनी वाकून पाहिलं.

"मग काही हरकत नाही," ते म्हणाले. "खरं सांगू? आधीच्यापेक्षा हे बरं आहे."

आईने मात्र काही सूट दिली नाही. बाबांना अंघोळ करायला लावली, कद नेसायला लावला. गुडघ्यांमुळे पाटावर बसता येईना म्हणून स्टूल आलं. संकल्पात आपण कुठे बसलो आहोत ते सांगावं लागतं, गुरुजी गोदावरीच्या दक्षिण तीरावर आले तेव्हा बाबा मध्येच म्हणाले, "नारायण पेठ, तिसरा मजला."

"काका, मध्ये बोलू नका."

"अहो, पत्ता अर्धवट आहे तुमचा."

शेवटी गुरुजींनी पळीने बाबांच्या ओंजळीत पाणी घातलं आणि वस्तूचं नाव घ्यायला सांगितलं. बाबांनी ओठ हलवले.

"मोठ्याने म्हणा," आई खाटेवरून म्हणाली. "पडवळाच्या वेळी चांगला आवाज होता."

"सीताफळ," बाबा म्हणाले. या वेळी आवाज तेवढा मोठा नव्हता. ओंजळीतलं पाणी थोडं ताम्हनात पडलं, बरंचसं कदावर.

नंतर आईनेही उशीला टेकूनच पळीभर पाणी सोडलं आणि पडवळ आपल्याकडे घेतलं. गुरुजी हेल्मेट घालून पुढच्या पूजेला गेले. बाबांनी डब्यातून एक फळ काढलं, वर्तमानपत्र पसरलं आणि गर सोडवायला बसले. हे काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. त्यांना फक्त खायची सवय होती. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तू राहू दे."

आईने पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले, घाटावर मिटले होते तसेच. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने तो घास बराच वेळ तोंडात फिरवला.

"बी आहे यात," ती म्हणाली.

बाबांनी वाटी परत घेतली, चमच्याने चाचपून आणखी दोन बिया काढल्या आणि पुन्हा दिली. तिने वाटी संपवली. वाटी संपलेली मी कित्येक दिवसांनी पाहत होते. बाबांच्या बोटांना गर लागला होता. ते तर्जनीकडे बघत थांबले, सवयीने हात थोडा वर गेलासुद्धा. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्याला बोट पुसलं आणि हात धुवायला उठले.

हंगाम संपेपर्यंत रोज हेच चाललं. सीताफळ गेलं की मागोमाग मऊ भात जाऊ लागला, मग वरण. पुढच्या तपासणीत काटा थोडा वर सरकला होता. डॉक्टर समाधानाने म्हणाले की पावडर लागू पडलेली दिसते. आम्ही हो म्हटलं. औषधं सुरू झाली, अवघड दिवस आले आणि गेले. आई आता बरी आहे. तीन जिने थांबत थांबत का होईना, आपल्या पायांनी चढते.

यंदाच्या हंगामात ती गॅलरीत खुर्ची टाकून सीताफळ खात होती. समोर बाबा पेपर वाचत बसले होते. मंडईतून फळं अजून तेच आणतात आणि दाबूनही तेच बघतात.

"सांख्यांचं काय म्हणत होता तुम्ही?" आईने विचारलं. "तो नुसता बघत बसतो म्हणून."

"कैवल्य."

"तिथे शेजारी कोणी नसतं ना?"

"नसतं. प्रत्येक जण एकटाच."

आईने एक बी ताटलीत टाकली. "मग राहू दे. वडाचंच बघू."

बाबांनी पेपर जरा वर धरला. त्यांच्या मोक्षाचं प्रकरण तूर्त कुठवर आलंय हे आम्हाला ठाऊक नाही. आईने काशीत केलेल्या बोलीप्रमाणे मिळायला हरकत नसावी. गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे ते पडवळाच्या बंधनातून मोकळे झाले आहेत, आणि पडवळ आता त्यांना चालतं. आईने ते नीट लक्षात ठेवलं आहे. ती स्वतः खात नाही, पण तिच्या हातची चव गेलेली नाही.

आमच्याकडे दर बुधवारी चण्याची डाळ घालून पडवळाची भाजी असते.